ऑर्डर मोठी, गल्ला रिकामा: छोट्या धंद्याचं पैशाचं गणित

हाताने शिवलेल्या, कापडी बांधणीच्या डायऱ्या करणारी एक छोटी कार्यशाळा धरून चालू. आकडे समजुतीपुरते आहेत. चलन कोणतंही धरा, गणित तेच राहतं.

एक डायरी थेट गिऱ्हाइकाला 500 ला जाते. एक दिवस एका दुकानदाराकडून 300 डायऱ्यांची मागणी येते. दुकानदार छापील किमतीवर 40 टक्के सूट मागतो, म्हणजे आपल्या हातात नगाला 300. कागद, पुठ्ठा, कापड, दोरा आणि सरस मिळून 150, शिवणीला लावलेल्या मदतनिसाची मजुरी 40, पॅकिंग आणि वाहतूक 30. नगामागे 80 सुटतात, 300 नगांचे 24,000. कागदावर सौदा झकास दिसतो.

आता तोच सौदा तारखांच्या हिशेबाने मांडा. खात्यात 80,000 आहेत. पहिल्याच दिवशी कागदवाल्याला 45,000 रोख मोजावे लागतात, कारण नव्या गिऱ्हाइकाला कोणी उधार देत नाही. उरले 35,000. महिनाभरात मजुरीचे 12,000 आणि पॅकिंग-वाहतुकीचे 9,000 जातात. उरले 14,000. महिनाअखेरीला भाडं, वीज, फोन, हिशेबनीस आणि यंत्रासाठी बाजूला ठेवायची रक्कम असे 20,000 द्यायचे असतात. खातं 6,000 ने उणे झालं, आणि मालकाने घरी अजून एक पैसाही नेलेला नाही. माल 35व्या दिवशी पोहोचतो, त्याच दिवशी बिल निघतं. बिलावर मुदत 45 दिवसांची, प्रत्यक्षात पैसे येतात 60 दिवसांनी, म्हणजे 95व्या दिवशी. मधल्या दोन महिन्यांत किरकोळ विक्रीतून खर्चापुरतं सुटलं, तरी तो 6,000 चा खड्डा 95व्या दिवसापर्यंत तसाच राहतो. किरकोळ विक्री थंडावली तर तो 46,000 चा होतो.

या सौद्यात कुठेही तोटा नाही, तरीही धंदा पहिल्या महिन्यात अडकला. नफा मोजताना आपण विचारतो, विकलं कितीला आणि पडलं कितीला. रोकड मोजताना विचारायचं असतं, पैसे कोणत्या तारखेला गेले आणि कोणत्या तारखेला आले. छोटे धंदे बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नावर बसतात. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाचे आकडे वर्षानुवर्षं साधारण एकच चित्र दाखवतात: दर पाच नव्या व्यवसायांपैकी सुमारे एक पहिल्या वर्षातच बंद होतो, आणि पाच वर्षांनी जवळपास निम्मेच उरतात. बंद झालेला प्रत्येक धंदा बुडालेलाच असतो असं नाही. काही विकले जातात, काही मालक नोकरीकडे वळतात. तरी सुरुवात करणाऱ्याने हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

वरच्या सौद्यात एकच गोष्ट बदला. ऑर्डर घेताना निम्मी रक्कम, म्हणजे 45,000, आगाऊ मागा. कागदाचा सगळा खर्च दुकानदाराच्या पैशातून भागतो, महिनाअखेरीला खात्यात 39,000 उरतात आणि नफा तेवढाच राहतो. दुकानदार आगाऊ द्यायला तयार नसेल, तर 100-100 चे तीन टप्पे करा आणि पहिल्या टप्प्याचे पैसे आल्यावरच तिसऱ्याचा कागद आणा. दोन्हींना नकार आला, तर तो माणूस तुमच्याकडून बिनव्याजी कर्ज मागतो आहे, असा त्याचा सरळ अर्थ घ्यावा.

खेळतं भांडवल किती दिवसांचं?

या अडकण्याचं माप काढता येतं. तीन आकडे लागतात. कच्चा माल आल्यापासून तयार माल विकला जाईपर्यंतचे दिवस, विकल्यापासून पैसे हातात येईपर्यंतचे दिवस, आणि आपल्याला पुरवठादाराने दिलेल्या उधारीचे दिवस. पहिल्या दोनांची बेरीज करून तिसरा वजा करायचा. समजा 40 अधिक 60 वजा 15, म्हणजे 85 दिवस. धंद्याचा रोजचा खर्च 1,500 असेल, तर 85 गुणिले 1,500, म्हणजे 1,27,500 एवढी रक्कम कायम धंद्यात फिरत राहणार. ती काढून घेता येत नाही. तिला नफा समजून कोणी नवी गाडी घेतली की पुढच्या तिमाहीत कागदवाल्याचे फोन सुरू होतात.

यातून एक गोष्ट निघते, ती नवख्यांना पटायला जड जाते: विक्री दुप्पट झाली की ही अडकलेली रक्कमही जवळपास दुप्पट होते. धंदा वाढतो तेव्हा तो रोकड देण्याऐवजी आधी खातो. म्हणून मंदीत तग धरलेला धंदा तेजीत कोलमडलेला दिसतो.

दिवस कमी करायचे मार्ग मोजकेच आहेत. कच्चा माल थोडा-थोडा आणणं हा त्यातला सगळ्यात दुर्लक्षित. मोठ्या खरेदीवर 8 टक्के स्वस्त मिळतो म्हणून सहा महिन्यांचा कागद भरून ठेवला, तर ते 8 टक्के वाचतात, पण पैसा सहा महिने कपाटात बसतो. शिवाय वाळवी, दमट हवा आणि बदललेली आवड यांचा धोका आपला.

पुरवठादाराची सवलत मात्र नीट वाचावी. अनेक बिलांवर अट असते की 10 दिवसांत पैसे दिले तर 2 टक्के सूट, नाहीतर 30 दिवसांत पूर्ण रक्कम. ही सूट सोडली तर 100 च्या बिलावर 98 वापरण्याचे 20 दिवसांचे 2 मोजले, असं होतं. वर्षात असे 20 दिवस 18 पेक्षा जास्त वेळा येतात, आणि तो दर सरळ व्याजाने वर्षाला सुमारे 37 टक्के पडतो. रोकड हाताशी असेल तर सूट घ्यावीच. उलट बाजूने, तुम्ही गिऱ्हाइकाला अशी सूट देत असाल तर तेवढ्याच महागड्या दराने पैसा उचलता आहात, हेही लक्षात असू द्या.

वसुलीचं काम संकोचाचं वाटतं, म्हणून ते टाळलं जातं. ते कामाच्या वेळापत्रकात बसवलं की संकोच कमी होतो. माल पोहोचेल त्याच दिवशी बिल पाठवायचं, महिनाअखेरीची वाट पाहायची नाही. बिलावर समोरच्याचा ऑर्डर क्रमांक, देय तारीख आणि बँक तपशील हवाच, कारण मोठ्या कंपन्यांत ऑर्डर क्रमांक नसलेलं बिल न सांगता बाजूला पडतं. ऑर्डर देणारा आणि पैसे सोडणारा माणूस बहुधा वेगळा असतो, तेव्हा दुसऱ्याचं नाव पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं. देय तारखेच्या पाच दिवस आधी एक साधी आठवण, तारीख उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन, आणि दोन आठवडे उलटले तर पुढचा माल थांबवायचा. अनेक ठिकाणी कायदाही छोट्यांच्या बाजूने आहे. भारतात 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याने लेखी करार असला तरी 45 दिवसांची मर्यादा घातली आहे, आणि युरोपीय संघाच्या 2011 च्या निर्देशानुसार उशिराच्या रकमेवर व्याज मागता येतं. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने छोटे लोक हे हत्यार उचलत नाहीत. निदान बिलाच्या तळाशी त्या तरतुदीचा उल्लेख छापावा. तेवढ्यानेही फरक पडतो.

एका कुंभाराची हिशेबाची वही

1772 साली लंडनमधली एक बँक कोसळली आणि उधारीवर चालणारा अर्धा व्यापार थिजला. इंग्लंडमधले नावाजलेले मातीकाम-उद्योजक जोसाया वेजवुड यांची मागणीही घसरली. त्यांनी बसून प्रत्येक फुलदाणीला काय खर्च येतो याचा तपशील काढला. त्यात त्यांना दिसलं की साचे, नमुने घडवणारे कारागीर, भाडं, इंधन यांतले बरेचसे खर्च माल थोडा निघो वा भरपूर, घड्याळाच्या काट्यासारखे सारख्याच गतीने चालू राहतात. मग एका साच्यातून जास्तीत जास्त माल काढण्यात आणि किंमत उतरवून तो जास्त लोकांपर्यंत नेण्यात शहाणपण होतं. वह्या तपासताना एका कारकुनाची अफरातफरही बाहेर आली, तो वरकड फायदा.

ही विभागणी आजही पहिली करायची. एक नग जास्त केला तर जो खर्च वाढतो तो बदलता, आणि एकही नग न करता जो द्यावाच लागतो तो ठरलेला. आपल्या डायरीचं थेट विक्रीचं गणित असं: साहित्य 150, पॅकिंग 20, ऑनलाइन पैसे घेण्याचं शुल्क 10, वाया गेलेले आणि परत आलेले नग धरून 20. एकूण 200. विक्री 500, म्हणून नगामागे 300 सुटतात. ठरलेला खर्च महिना 20,000. 20,000 भागिले 300, म्हणजे 67 डायऱ्या विकल्या की खर्च निघतो. यालाच ना नफा ना तोटा बिंदू म्हणतात.

बहुतेक जण इथे थांबतात आणि फसतात. यात मालकाचा पगार नाही. घर चालवायला 30,000 हवे असतील तर भागायची रक्कम 50,000 होते आणि आकडा 167 डायऱ्यांवर जातो. एका डायरीला दीड तास लागतो. 167 डायऱ्या म्हणजे 250 तास. महिन्याचे कामाचे तास 200 धरले, तरी त्यातले 80 फोन, खरेदी, बिलं, फोटो आणि पार्सलांत जातात. हातात 120 तास, म्हणजे 80 डायऱ्या. त्यातून 24,000 सुटतात, 20,000 खर्चाला जातात, घरी 4,000 पोहोचतात. हा धंदा विक्री कमी पडली म्हणून मोडणार नाही, मालकाच्या दिवसाला तास कमी पडल्यामुळे मोडेल. हा निष्कर्ष यंत्र घेण्याआधी, भाडं ठरवण्याआधी, एका कागदावर अर्ध्या तासात निघतो.

सुटायचं कसं? एकेक डायरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत न करता 40 डायऱ्यांचे कागद एकदम दुमडले, 40 एकदम शिवल्या, 40 पुठ्ठे एकदम चिकटवले, तर दर नगाची वेळ 45 मिनिटांवर येऊ शकते. मग त्याच 120 तासांत 160 डायऱ्या होतात. किंमत 600 केली आणि 160 ऐवजी 130 च खपल्या, तरी नगामागे 398 सुटतात (पैसे घेण्याचं शुल्क किमतीबरोबर 10 वरून 12 होतं), महिन्याचे 51,740, आणि घरी 31,740 जातात. नवं भांडवल शून्य. म्हणून यंत्राच्या जाहिरातीआधी कामाची मांडणी तपासावी.

किंमत ठरवताना होणाऱ्या चुका

पहिली चूक शब्दांची आहे. 100 ला पडलेली वस्तू 150 ला विकली की लोक म्हणतात पन्नास टक्के नफा. खरेदीवर पन्नास टक्के चढवले, हे खरं. पण विक्रीच्या रकमेत नफ्याचा वाटा 33 टक्के आहे. दुकानदाराची सूट, विक्री-संकेतस्थळाचं कमिशन, पैसे घेण्याचं शुल्क हे सगळं विक्रीच्या रकमेवर कापलं जातं. 50 टक्के आहेत असं समजून 35 टक्के कमिशन कबूल करणारा प्रत्येक नगावर खिशातून भरत असतो.

दुसरी चूक सवलतीची. 500 च्या डायरीवर 20 टक्के सूट दिली की किंमत 400 होते, पण नगामागे सुटणारी रक्कम 300 वरून साधारण 200 वर येते. आधीइतकंच कमवायला दीडपट माल विकावा लागतो, आणि दीडपट माल करावाही लागतो. उलट किंमत 10 टक्के वाढवून 550 केली, तर 80 ऐवजी 69 डायऱ्या खपल्या तरी कमाई तीच राहते. सवलतीने आलेली गर्दी पाहून मन भरतं, म्हणून हे गणित सणासुदीला सगळ्यात जास्त विसरलं जातं. दुकानदार 40 ऐवजी 45 टक्के मागतो तेव्हा तर जास्तच सावध व्हावं. नगाची किंमत 300 वरून 275 होते, पण आपली सुटणारी रक्कम 80 वरून 55 वर, म्हणजे 31 टक्क्यांनी घसरते.

कलादालनं चित्राच्या किमतीच्या 40 ते 50 टक्के घेतात, हे अनेक चित्रकारांना लूट वाटतं. ते भाडं, प्रकाशयोजना, निमंत्रणं, विमा आणि मुख्य म्हणजे त्यांच्या ओळखीची गिऱ्हाइकं यांचे पैसे असतात. अडचण कमिशनची नसते. अडचण तेव्हा होते, जेव्हा चित्रकाराने किंमत ठरवताना ते धरलेलंच नसतं, आणि घरून तेच चित्र निम्म्या किमतीत विकून तो दालनालाही दुखावतो. एक किंमत ठरवा आणि ती सगळीकडे पाळा. माल विकला गेल्यावर पैसे अशी ठेव-विक्री असेल तर नगांची यादी, हिशेबाची तारीख आणि खराब झालेल्या मालाची जबाबदारी कागदावर हवी, नाहीतर दोन वर्षांनी परत येणारा माल धुळीचा असतो.

वस्तू न विकता कौशल्य विकणाऱ्यांची, म्हणजे चित्रकार, अनुवादक, छायाचित्रकार, संगीत-संयोजक यांची चूक वेगळी. ते नोकरीचा पगार 2,080 तासांनी भागतात, आठवड्याचे 40 गुणिले 52, आणि त्याला तासाचा दर म्हणतात. पण सुट्ट्या, आजारपण वजा जाता 46 आठवडे उरतात, 1,840 तास. त्यातले ज्यांचे पैसे खरोखर मिळतात असे तास 55 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सुमारे 1,000. बाकीचे काम शोधण्यात, प्रस्ताव लिहिण्यात, शिकण्यात आणि वसुलीत जातात. आता वर्षाची गरज जोडा: घरखर्च 4,80,000, कामाचा खर्च 1,20,000, कर 90,000, मोडतोड आणि रिकाम्या महिन्यांसाठी 60,000. एकूण 7,50,000. हजारने भागले तर तासाला 750. 2,080 ने भागले असते तर 360 आले असते. निम्म्या दराने काम करणारा माणूस वर्षभर व्यस्त असतो आणि तरी उधारीत असतो, त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

ठोक रकमेवर काम घेतलं तर तास गिऱ्हाइकाला दाखवू नयेत, पण स्वतः मोजावेत. करारात चार ओळी हव्यात: काय-काय मिळेल, फेरबदलाच्या किती फेऱ्या (दोन पुरे), त्यानंतरच्या फेरीचा दर, आणि काम मध्येच थांबवलं तर किती द्यायचं. रक्कम 40, 30, 30 अशी टप्प्यांत घ्यावी. शेवटचे 30 टक्के अंतिम फाइल देण्याआधी घ्यायचे, दिल्यानंतर नव्हे. ही अट आधी बोलून ठेवली तर कोणाला खटकत नाही, शेवटी अचानक काढली तर भांडण होतं.

मानधनाची आगाऊ रक्कम बक्षीस नसते, हेही नव्या लेखकांना उशिरा कळतं. 250 किमतीच्या पुस्तकावर 10 टक्के स्वामित्वधन म्हणजे प्रतीला 25. आगाऊ 50,000 घेतले असतील तर 2,000 प्रती विकल्या जाईपर्यंत पुढचा पैसा येत नाही. करारात 10 टक्के छापील किमतीवर न देता प्रकाशकाच्या हाती आलेल्या रकमेवर असतील, आणि विक्रेत्यांना 45 टक्के सूट जात असेल, तर प्रतीला 13.75 मिळतात आणि तोच आकडा 3,600 च्या वर जातो. टक्केवारी तीच, फरक ती कशावर लावली आहे याचा.

पैसा आणायचा कुठून

सुरुवातीचं भांडवल मोजताना लोक यंत्र, अनामत, परवाने आणि पहिला माल मोजतात. ही झाली एक रास. दुसरी रास वर काढलेल्या खेळत्या भांडवलाची, आणि तिसरी घर चालवायची, कारण पहिले कित्येक महिने धंदा घरी काही देत नाही. या दोन राशी पहिलीपेक्षा मोठ्या निघणं नेहमीचं आहे. यंत्र जुनं, वापरलेलं घेता येतं. जागा घरातली चालते. पण तिसरी रास कमी पडली की माणूस घाईने वाईट ऑर्डरी घेऊ लागतो.

कर्ज घेताना व्याजाचा दर कशावर आकारला आहे ते विचारावं. 1,20,000 चं वर्षाचं कर्ज 12 टक्के सपाट दराने घेतलं तर व्याज 14,400 आणि महिन्याचा हप्ता 11,200. ऐकायला 12 टक्के. पण प्रत्येक हप्त्याबरोबर मुद्दल कमी होत जातं, तरी व्याज मात्र वर्षभर पूर्ण रकमेवर मोजलेलं असतं. सरासरीने आपल्याकडे जेमतेम निम्मी रक्कम वापरायला होती. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर 21 टक्क्यांच्या पुढे जातो. दोन कर्जांची तुलना करताना दोन्हींचे दर घटत्या शिलकीवर काढून घ्यावेत, आणि त्यात प्रक्रिया शुल्क मिळवावं. मुदतीचा नियम साधा आहे: यंत्रासाठी यंत्राच्या आयुष्याइतक्या मुदतीचं कर्ज, मालासाठी माल विकला जाईपर्यंतचं. तीन महिन्यांच्या उसनवारीतून चार वर्षं चालणारं यंत्र घेतलं, की चौथ्या महिन्यात यंत्र असतं आणि कागदाला पैसे नसतात.

कलेच्या प्रकल्पांसाठी लोकवर्गणीचा रस्ता गेल्या काही वर्षांत रुळला. 2009 साली सुरू झालेल्या किकस्टार्टरवर जाहीर केलेलं लक्ष्य गाठलं तरच पैसे मिळतात, आणि मिळालेल्या रकमेतून 5 टक्के संकेतस्थळ घेतं. पैसे वळते करण्याचं शुल्क निराळं, साधारण 3 ते 5 टक्के. म्हणजे 5,00,000 जमले की हातात 4,50,000 ते 4,60,000. इथवर सगळे हिशेब करतात. मोडतात ते टपालावर. वजन आणि देश यांनुसार पाठवणीचा खर्च वस्तूच्या खर्चापेक्षा जास्त होऊ शकतो, म्हणून मोहीम सुरू करण्याआधी भरलेलं, बांधलेलं, वजन केलेलं एक खरं पार्सल टपाल-दराच्या तक्त्याशी ताडून पाहावं. वर्गणीदारांना भुरळ घालायला पिशवी, खूणपत्रं, चित्रं अशा भेटी वाढवत नेणं हा दुसरा खड्डा. प्रत्येक भेटवस्तूचा स्वतंत्र पुरवठादार, स्वतंत्र उशीर आणि स्वतंत्र मोजणी असते.

ओळखीच्या माणसाला भागीदार करताना पैसा आणि श्रम वेगळे लिहावेत. एकाने पैसे घातले, दुसऱ्याने दिवस घातले, आणि वाटा निम्मा-निम्मा ठरला, तर दुसऱ्या वर्षी दोघांनाही आपण फसलो असं वाटतं. श्रमाला पगार, पैशाला नफ्याचा वाटा, आणि बाहेर पडताना किंमत कशी काढायची, या तीन गोष्टी मैत्री शाबूत असतानाच लिहाव्यात.

कर, यंत्राची झीज आणि तेरा आठवड्यांचा तक्ता

विक्रीवर गोळा केलेला कर आपला नसतो. तो काही दिवस आपल्या खात्यात विसावतो आणि म्हणून आपला वाटतो. धंद्याचं खातं घरच्या खात्यापासून पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा, आणि कराचं तिसरं. पैसे आले की त्याच दिवशी कराचा वाटा तिकडे सरकवायचा. वर्षाच्या शेवटी कर भरायला कर्ज काढणारे बरेच जण नफ्यात असतात, ही त्यातली गंमत.

यंत्राची झीजही अशीच न दिसणारी. 96,000 चं कटिंग-यंत्र चार वर्षं टिकणार असेल, तर महिन्याला 2,000 झिजतात. ते बाजूला ठेवले नाहीत तर चार वर्षं नफा फुगलेला दिसतो आणि पाचव्या वर्षी कर्ज दिसतं. आपल्या 20,000 मध्ये हे 2,000 आधीच धरले आहेत.

रोकड सांभाळायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एका कागदावर तेरा उभे रकाने आखा, दर आठवड्याला एक, म्हणजे तिमाही. वर सुरुवातीची शिल्लक. खाली येणारे पैसे, एकेका बिलाच्या नावाने. त्याखाली जाणारे पैसे: भाडं, मजुरी, माल, हप्ता, कर, आणि वर्षातून एकदा येणारे विमा-परवान्याचे खर्च, जे नेमके विसरले जातात. तळाशी आठवड्याची शिल्लक, तीच पुढच्या रकान्याच्या डोक्यावर. एक नियम काटेकोर पाळायचा: येणारे पैसे बिलावरच्या तारखेला लिहायचे नाहीत, ते गिऱ्हाईक आजवर जसं देत आलं आहे त्या तारखेला लिहायचे. 45 दिवस म्हणून 60 दिवसांनी देणारा 60 वरच. बोलणी चालू असलेली, पण पक्की न झालेली ऑर्डर या कागदावर येतच नाही.

दर सोमवारी एक रकाना खोडा, शेवटी एक जोडा, आणि गेल्या आठवड्याचा अंदाज आणि प्रत्यक्ष शेजारी लिहा. पहिले दोन महिने अंदाज सपशेल चुकतात. तिसऱ्या महिन्यापासून आपण नेहमी कुठे चुकतो ते दिसू लागतं: बहुतेकांची वसुली उशिरा असते आणि वाहतूक कमी धरलेली असते. सातव्या आठवड्यात शिल्लक उणे जाताना आज दिसली, तर हाताशी सहा आठवडे असतात. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाकडे आगाऊ मागता येतं, कागदवाल्याशी बोलून दहा दिवस वाढवता येतात, यंत्राची खरेदी पुढे ढकलता येते. तेच सातव्या आठवड्यातल्या गुरुवारी कळलं, तर उरतो फक्त महागडा सावकार. विक्रीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग एकाच गिऱ्हाइकाकडून येत असेल, तर त्याचं नाव खोडून तक्ता पुन्हा एकदा मांडून पाहावा.

आणि त्याच कागदाच्या मागच्या बाजूला थांबण्याचा आकडा लिहून ठेवावा. कारण बंद करायलाही पैसे लागतात: जागा सोडण्याच्या सूचनेच्या मुदतीचं भाडं, मदतनिसाचं येणं, करांची शेवटची विवरणपत्रं, गिऱ्हाइकांच्या आगाऊ रकमांची परतफेड, आणि कपाटातला माल पडत्या किमतीला काढल्याचा तोटा. आपल्या कार्यशाळेत ही रक्कम सहज दोन महिन्यांच्या ठरलेल्या खर्चाएवढी, म्हणजे 40,000 होते. त्यावर घेतलेल्या पण अजून माल न दिलेल्या आगाऊ रकमा मिळवा. शिल्लक या बेरजेच्या खाली जाण्याआधी निर्णय घ्यायचा असतो, आणि तो आकडा आज लिहायचा, कारण त्या आठवड्यात नेमकी एखादी मोठी ऑर्डर येण्याच्या बेतात असते.